उकाड्याची तालीम

"अहो, एक तरी खिडकी उघडू का?"

"अजिबात नाही. तिथे काय खिडकी उघडली की गार वारा येणार आहे?"

नवरा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. निवृत्त झाला तरी खात्याची सवय सुटली नव्हती: आधी सराव, मग संकट. लेकीच्या लग्नात त्याने व्याह्यांनाही जिन्यावरून पळवून आगीचा सराव करून घेतला होता. आता दोघं उष्ण प्रदेशातलं जंगल बघायला निघाली होती, म्हणून तिथलं हवामान त्याने आधीच घरी आणलं. खिडक्या बंद, हीटर चालू आणि गॅसवर मोठ्या पातेल्यात दिवसभर रटरटणारं पाणी. भिंतींना घाम फुटला, माणसांचं तर विचारूच नका.

बायकोने हे सगळं निमूट सोसलं, कारण तिला जायचं होतं. आजवर जेव्हा जेव्हा बॅग भरली, तेव्हा कधी लेकीची परीक्षा आडवी आली, कधी सासूबाईंचं दुखणं, कधी ह्याच्या कारखान्यातली तपासणी. मैत्रिणी जग फिरून आल्या. ही गच्चीवरचे कपडे काढून आली. या वेळी मात्र आकाश कोसळलं तरी जायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

हवामानानंतर प्राण्यांची पाळी आली. एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात बागेचा पाइप वेटोळं घालून पडला होता.

"साप दिसला! काय करशील?"

"तुम्हाला हाक मारीन."

"चूक! जागच्या जागी थांबायचं. हलायचं नाही."

ती थांबली. पाठीमागे दूध उतू गेलं.

"दूध गेलं," ती न हलता म्हणाली.

"पण तू वाचलीस ना!"

निघायच्या दिवशी सकाळी ती कपाटातून पासपोर्ट काढायला गेली, तर कपाट उघडेना. आठवडाभराच्या वाफेने जुनं लाकूड असं फुगलं होतं की दार चौकटीत घट्ट रुतून बसलं. दोघांनी मिळून ओढलं. मूठ तेवढी हातात आली. मग सुताराला बोलावलं. तो दारात पाऊल टाकताच मागे सरकला.

"काकू, घरात धुणं उकळता का काय? आठवडाभर वाळू द्या, आपसूक उघडेल."

"दुपारी टॅक्सी येतेय रे बाबा."

"मग दार फोडतो."

"खबरदार!" नवरा आडवा आला. "लग्नातलं कपाट आहे. मागची फळी पातळ आहे, तिथून काप."

कपाट फिरवलं, करवत चालली. सुताराने भोकातून हात घातला आणि खणातून तिचा पासपोर्ट अलगद बाहेर काढला. मग फळीचा कापलेला तुकडा उचलला आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, हे फळीला आतून कोणी चिकटवलं होतं?"

"विसरलोच की! मीच. चोर नेहमी पुढून येतो."

"मी मागून आलो ना," सुतार ओशाळून म्हणाला आणि पासपोर्टचे दोन तुकडे पुढे केले. फोटोतला नाकापर्यंतचा नवरा एकात होता, नाकाखालचा दुसऱ्यात.

सुतार गेला. बायकोने पलंगावरची बॅग उघडून कपडे बाहेर काढायला सुरुवात केली.

"हे काय करतेस?"

"हाताला सवय आहे हो."

नवरा बराच वेळ तुकडे जुळवून बघत उभा राहिला. मग ते खिशात घातले आणि तिने काढलेली एकेक घडी पुन्हा बॅगेत ठेवू लागला. घड्या वेड्यावाकड्या बसत होत्या.

"तू जा."

"एकटी?"

"सराव झालाय तुझा."

पोचल्यावर दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"उकडतंय का गं?"

"खूप. पण छान वाटतंय."

"साप?"

"नाही दिसला. धनेश बघितला. हा मोठा पक्षी, एवढी थोरली चोच! त्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. नर बिचारा बाहेरून फळं आणून भरवतो."

"जबाबदार आहे," नवरा म्हणाला. "आणि सुरक्षितही."

"हो ना. मग पिल्लं जरा मोठी झाली, की चोचीने भिंत फोडून ती बाहेर पडते."

फोनमधून कुठल्यातरी पाखराची शीळ तेवढी येत राहिली.

"मग?" त्याने शेवटी विचारलं. "बाहेर पडून जाते कुठे?"

"थांबा हं," ती म्हणाली, "वाटाड्याला विचारून सांगते."