तात्यांचं लांबत जाणारं लंडन

जेट विमानं आल्यामुळे मुंबई-लंडन प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला, ही बातमी वाचून संतापलेला एकच माणूस मी पाहिला आहे. आमचे शेजारी तात्या! पेपर पडवीत आपटून म्हणाले, "इतकी घाय कोणाक झाली हा?"

तात्या मालवण बंदरावर आगबोटीची तिकिटं देऊन निवृत्त झालेले. विमानात बसणं सोडाच, उभं असलेलं विमानही त्यांनी पाहिलं नव्हतं. पण एकुलता एक वसंता लंडनला शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला चिकटला, तेव्हापासून तात्या विमानविद्येतले शास्त्री झाले. मसुऱ्याची एसटी कधी सुटते ते त्यांना ठाऊक नसे, लंडनचं विचारा.

पडवीत जगाचा नकाशा टांगलेला. त्यावर ते जाळं विणायच्या दोऱ्याने मुंबई ते लंडन अंतर मोजत. आगबोट जशी रत्नागिरी, देवगड अशी बंदरं घेत येते, तसंच विमानही जाणार, यात त्यांना शंका नव्हती. एडन, कैरो, रोम, प्रत्येक बंदराला दोरा एक वेढा घ्यायचा. "मगे थंय पडाव येवक होयो, माणसां उतराक होयी, सामान चढाक होया. दीस खंय गेलो कळणा नाय!"

"माणसं किनाऱ्याला न्यायचे पडाव विमानाला कशाला, तात्या?"

"तू बंदरावर नोकरी केलंस काय?" संपला विषय.

जग जवळ येत चाललं होतं आणि तात्यांचं लंडन लांब. दरवर्षी एखादं नवं बंदर वाढायचं. शिवाय पावसाळ्याचा नियम होताच. पाऊस लागला की आमच्या बोटी बंद होत, तशी तात्यांनी विमानंही बंद ठेवली होती. आणि वसंताला रजा म्हणे नेमकी पावसातच मिळायची.

एकदा श्रावणात माझा मेहुणा मुंबईहून आला. त्याला घेऊन मी तात्यांकडे गेलो, हीच चूक झाली. सगळं ऐकून घेऊन तो हसत सुटला. "काय सांगता तात्या! भर पावसात उडतात विमानं. सकाळी लंडनहून निघालेला माणूस रात्री मुंबईत झोपतो!"

चहा घेऊन आलेल्या काकू, वसंताची आई, दारातच थांबल्या. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "खरां काय रे ह्यां, मास्तर?"

तात्या नकाशाकडे तोंड करून दोरा गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले.

"काकू, ती सायबाची विमानं," मी म्हणालो. "आपल्या वसंताचं विमान सगळी बंदरं घेत येतं."

"तरीच," काकू म्हणाल्या. कप ठेवून त्या आत गेल्या.

निघताना तात्या पहिल्यांदाच मला पोचवायला फाटकापर्यंत आले. मेहुण्याला पुढे जाऊ दिलं आणि हळूच म्हणाले, "पावसात विमानां उडतत, ता माका म्हायत आसा रे. तेका येवचा असता, तर तो चलत पण इलो असतो."

मला फार वाईट वाटलं.

तात्यांनी खाकरून गळा साफ केला, घराकडे तोंड केलं आणि आत चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आणि रोमाक धुक्यात दोन दीस अडाकता, ता सांगूक इसारलंस, मास्तर!"