शेवटचे नॉर्मल कधी दिसले?

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी नमूद करतो की गेल्या वर्षी दुपारच्या चहाला माझा उजवा हात निकामी झाला. देवमाशाला नुसता दम देऊन किनाऱ्याला लावल्याची हकीकत मी सांगत होतो. ऐन रंगात हात धपकन बशीत पडला, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं, मासा मेला. सूनबाईने तर टाळ्याही वाजवल्या.

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे तपासले आणि बायकोला विचारलं, "आजी, हे शेवटचे नॉर्मल कधी दिसले होते?"

बायको विचारात पडली. "लग्नाआधीचं मला ठाऊक नाही बाई."

"थट्टा नको. मेंदूतली गुठळी विरघळवणारं नवं इंजेक्शन आहे, त्यावर आमचं संशोधन चालू आहे. पण माणूस शेवटचा नॉर्मल दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नाहीतर हात गेला समजा."

"सकाळी नीट बोलत होते की," मुलगा म्हणाला.

"काय बोलत होते?"

"वादळाचा कान धरून त्याला परत पाठवलं, ते."

डॉक्टरीणबाईंचं पेन थबकलं. "म्हणजे भ्रम सकाळपासूनच?"

"छे हो! चाळीस वर्षांपासून."

प्रकरण मोठ्या डॉक्टरांकडे गेलं. त्यांनी निर्वाळा दिला की सदर बडबड ही रुग्णाची नॉर्मल अवस्था असल्यास आजार सिद्ध होत नाही. आणि ती आजार असल्यास मुदत चाळीस वर्षांपूर्वीच संपली आहे. सबब, समिती बोलवावी. इकडे माझी बोटं एकेक करून रजेवर निघाली होती. 'अहो, मी थापाड्या आहे, वेडा नाही!' असं मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. बाहेर नुसती लाळ आली.

तेव्हा बायको उठली. जन्मात कधी खोटं न बोललेली बाई.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "चहा गाळला तेव्हा हे अगदी नॉर्मल होते. गप्प बसून माझं ऐकत होते."

एवढी मोठी थाप मी उभ्या आयुष्यात मारलेली नाही. डॉक्टरांनी ती निमूट टिपून घेतली, इंजेक्शन टोचलं, आणि संध्याकाळपर्यंत माझी मूठ वळली.

त्यानंतर दर महिन्याला संशोधन विभागातून फोन यायचा. "आजोबा, हात कितपत चालतो?"

"कालच कपाट उचललं. एका हातानं. आत बायको बसली होती."

पलीकडे कळफलक खडखडायचा. "वा! आणखी काय?"

तो अहवाल आता छापून आलाय, मोठमोठे डॉक्टर मान डोलावतायत म्हणे. उद्या तुमचा हात लुळा पडला, तर याच अहवालाच्या भरवशावर तुम्हाला सुई टोचतील. निर्धास्त राहा. त्यातले आकडे खुद्द माझ्या तोंडचे आहेत.