नजरेची बेगमी

आमच्या शेजारच्या कुमुदकाकू कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ऐन दिवाळीत विकत घेतात. सीताबर्डीच्या बाजारातून त्या ताट्या मांडीवर घेऊन मेट्रोने येतात आणि डब्यातली माणसं बघत राहतात. हसायचं ते हसून घ्या. मे महिन्यात त्याच ताट्यांसाठी आम्ही दुकानापुढे घामाघूम उभे असतो आणि काकू घरात गार हवेत डुलकी काढत असतात.

"चिकट आहात तुम्ही," मी चिडवतो.

"हे बेगमी आहे, बापू. कंजूष माणूस आजचं मन मारते. बेगमीवाला उद्याचं आजच पाहून ठेवते." असं म्हणत त्या पिळलेल्या लिंबाच्या साली लोणच्याच्या बरणीत ढकलतात. आणि ते लोणचं इतकं झकास लागतं की मीच पुन्हा मागून घेतो!

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काकूंच्या यजमानांना, नानांना, काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. ऐकून मीच हादरलो. काकूंनी दुसऱ्या दिवशी बेगमी सुरू केली.

पेपर त्या मोठ्याने वाचू लागल्या. टीव्हीवर मालिका लागली की नानांची खुर्ची भिंतीकडे फिरवायच्या. "त्या सासू-सुनांवर काहून डोळे खर्च करून राहिले? ऐका फक्त!" डोळे वापरल्याने संपत नाहीत, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. "जपून वापरलं का टिकतेच," काकूंनी डॉक्टरांनाच ऐकवलं. अशी वाचवलेली नजर रविवारी बाहेर निघायची. तलाव, संत्र्यांनी लगडलेली बाग, नातीचा नाच. "पाहून घ्या. भरून ठेवा."

यंदा थंडीत मी दोघांना गाडीने खाप्याला नेलं. काकूंचं माहेर ते. कन्हान नदीच्या काठी छान ऊन पडलं होतं. काकू दाखवत सुटल्या, तो पाण्यातला डोंगा, तो बगळा, ते पल्याडचं झाड. पण नाना नदीकडे पाहतच नव्हते. ते काकूंकडे पाहत होते.

"नदी पाहा नं! मले काय पाहून राहिले? मी तं घरीच आहो."

"नदी मले ऐकू येईल वं," नाना हळूच म्हणाले. "तू चूप बसली का मंग कशी दिसशील?"

 

उन्हात पाऊल टाकलं की तोंडावर पदर ओढणारी ही बाई. त्या दिवशी तिने पदर खांद्यावर टाकला आणि उन्हाकडे तोंड करून, न हलता बसून राहिली.