भूगोलाचे सर

रत्नपाल सरांनी सकाळचा चहा पिता पिता फेसबुकवर एक उत्तर लिहिलं आणि कप खाली ठेवायच्या आत त्यांना पश्चात्ताप झाला.

सर हिंगोलीच्या एका कॉलेजात तासिकेवर समाजशास्त्र शिकवत. जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर गोरेगावकडच्या भीमसिंग नावाच्या माणसानं लिहिलं होतं, ‘समाजशास्त्र हे काही शास्त्र न्हाई. लोकायच्या चौकशा करून बोअरला पाणी लागते का?’ खाली दोनशे जण हसले होते. त्यांत सरांचे सात माजी विद्यार्थी होते, तेच जास्त लागलं. सरांनी लिहिलं, ‘ज्यांना शास्त्र कळत नाही त्यांनी गुरं राखावीत.’

समाजशास्त्राच्या माणसानं असं लिहायला नको होतं. सरांनी ते पुसलं, पण तोवर कुणीतरी त्याचा फोटो काढून आणखी तीन ग्रुपवर टाकला होता. मग त्यांनी खुलासा केला की गुरं राखणं हे सन्मानाचं काम आहे. लोकांना तो टोमणा वाटला. शेवटी भीमसिंगचं उत्तर आलं, ‘सर, उद्या हिंगोलीत येऊन राहिलो. कॉलेजात भेटू.’

त्यात शिवी नव्हती. उलट ‘सर’ म्हटलं होतं. त्यानंच सर जास्त घाबरले.

बायकोनं, सरितानं, भीमसिंगचा फोटो मोठा करून पाहिला. मिशा होत्या, मनगटं होती. ती म्हणाली, “आता काहीच लिहू नका. जितकं लिहिता तितकं वाढून राहिलं.” रजा घ्यावी तर दुसऱ्या दिवशी परीक्षेवर सरांचीच ड्यूटी होती. त्यांच्या फेसबुकच्या खात्यावर स्वतःच्या फोटोऐवजी कमळाचं फूल होतं, एवढाच काय तो आधार.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, परीक्षेच्या आधीच, जीप आली. चार माणसं उतरली. शिपायानं हात करून थेट स्टाफरूम दाखवली, आणि आत सर एकटेच होते.

“समाजशास्त्राचे सर कोणते?” भीमसिंगनं विचारलं.

“ते रजेवर आहेत.”

“मंग तुमी?”

“मी भूगोलाचा,” सर म्हणाले.

भीमसिंग खुर्चीत बसला. त्यानं टोपी काढली. “मंग तर तुमीच पाहिजे. दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्यासाठी मशीन रानात उभी हाय. भूगोलवाल्याला जमिनीतलं कळते. परीक्षा सुटली की चला.”

सरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाकीचे तिघं दारातच उभे होते.

जीपमध्ये त्यांना दोघांच्या मधे बसवलं. वाटेत भीमसिंग त्या दुसऱ्या सरांबद्दल एवढंच म्हणाला, की तो एकदा भेटू द्या. गोरेगावपर्यंत सरांनी खिशातला फोन बाहेर काढला नाही.

रानात मशीनवाले आणि अर्धं गाव वाट पाहत होतं. सरांनी चिमूटभर माती उचलली, वास घेतला. वास मातीचाच होता. पुढं काय करावं ते सुचेना, तेव्हा भीतीच्या भरात त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच सुरू केलं. माणसांना विचारू लागले. आधी इथं काय पेरायचे, गुरं कुठं बसायची, हे रान सगळ्यात जास्त कुणी पाहिलंय.

बांधावर भीमसिंगची चुलती जनकाबाई बसली होती. सत्तरी उलटलेली. बोअर घेताना हिला कुणी विचारलं होतं का, असं सरांनी विचारलं.

“मला कोण इचारते,” ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, की ती लग्न होऊन आली तेव्हा पळसाखालचा कोपरा चैतापर्यंत ओला राहायचा. म्हशी तिथून हालत नसत. पुढं रान सपाट करताना तो बुजला.

सरांनी तिथं दगड ठेवला. मशीन सुरू झाली. शंभर फुटांपर्यंत नुसता धुरळा उडाला आणि सर रस्ता किती लांब आहे ते पाहत राहिले. एकशे ऐंशीला चिखल आला, आणि मग पाणी.

भीमसिंगनं सरांना शाल घातली, नारळ दिला, पायाला हात लावला. “सर, त्या समाजशास्त्रवाल्याला तेवढं सांगा. शास्त्र असं असते.”

“सांगतो,” सर म्हणाले.

जनकाबाई मधेच म्हणाली, “काहून रे भीमसिंग, या सरानं जमीन कुठं पाह्यली? मलाच तर इचारलं.”

“काकू, इचारावं लागते,” भीमसिंग तिला समजावत म्हणाला. “भूगोलात तसंच असते.”

सरांनी मान डोलावली आणि जीपमध्ये जाऊन बसले.