आण्णांची कुजबुज

आण्णांना कुजबुजता येत नसे. सांगलीच्या बाजारात गुळाच्या सौद्यात उभा जन्म ओरडण्यात गेलेला. गुपित सांगताना ते तोंडाला तळहाताचा आडोसा करत. त्याचा कर्णा होई आणि गुपित गल्लीच्या टोकाला पोचे.

हे ठाऊक असूनही मी त्यांना माझं गुपित सांगितलं. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहून इंजिनिअरिंग करत होते. फीसाठी एका ट्रस्टची गुणवत्ता शिष्यवृत्ती होती. अट एकच, पॉइंटर, म्हणजे दहापैकी सरासरी, आठच्या खाली जायचा नाही. शेवटच्या वर्षी मी एकांकिकेत शिरले, तालमी रंगल्या आणि सातव्या सेमिस्टरला पॉइंटर घसरला. ट्रस्टनं पालकांसह भेटायला बोलावलं.

"आण्णा, कुणाला सांगू नका हं."

"छ्या! मी कशाला सांगतोय?" म्हणत आण्णा गॅलरीत गेले आणि समोरच्या काकूंशी कुजबुजले, "पोरीचा पाइंटर पडलाय. कुणाला बोलू नका!"

दुसऱ्या दिवशी भाजीवाली म्हणाली, "कोथिंबीर तशीच घे गं, पर पाइंटर वाढीव." कोपऱ्यावरचा रिक्षावाला विचारू लागला, "किती पायजे? आठ व्हय?" शेजारच्या बारशाचा स्पीकर माझ्या अभ्यासासाठी बंद झाला. आमचं गाव मलकापूर तेवढं आवाजाच्या टप्प्याबाहेर होतं, म्हणून बाबांना मीच फोन केला. ते निघणार, तेवढ्यात आण्णांनी फोन हिसकावला.

"तुमी दुकान सोडू नका. मी हाय की हितं!"

ट्रस्टच्या ऑफिसात आण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आत तिघेजण माझी मार्कशीट बघत होते. तेवढ्यात बाहेर आण्णा दाराच्या फटीतून डोकावून शिपायाशी कुजबुजले, "मधला बरा वाटतोय. कडंचा टकल्या लय कडू हाय."

कडेच्या साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. "कोण आहेत हे?"

"माझे स्थानिक पालक."

"आत बोलवा. तसेही ते आतच आहेत."

आण्णा आले, टोपी सारखी केली. "सायेब, पोरगी नाटकात गुतली, ही तिची चूक. पर एक ढेप काळी निघाली म्हणून कुणी गुऱ्हाळ मोडत न्हाई."

कडेचे साहेबच आधी हसले. मग मला म्हणाले, "शिष्यवृत्ती काढत नाही, थांबवून ठेवतो. शेवटच्या सेमिस्टरला आठच्या वर या, मग देऊ."

झालं! आण्णांनी माझा ताबाच घेतला. पहाटे जिन्यातून हाक, "उठलीस व्हय?" माझ्याबरोबर निम्मी गल्ली उठायची. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा जैन नेम मलाही लागू झाला. जेवण झालं की ते खुर्ची ओढून बसत. "हां, आज काय शिकलीस? मला सांग."

मी मोटर समजावायची.

"आन् एवढं फिरून ती जाती कुठं?"

"कुठंच नाही, आण्णा. जागेवरच फिरते."

"मग आमच्या थोरल्या पोरासारखीच म्हणायची!"

हसू आवरून मी पुन्हा समजावायची. त्यांना काही कळलं नाही, पण सांगून सांगून मला मात्र कळलं.

निकाल लागला. पॉइंटर आठच्या वर! शिष्यवृत्ती मिळाली. आण्णांनी गल्लीभर पेढे वाटले, टकल्या सायबांनाही डबा पाठवला. पुण्याची नोकरीही ठरली.

निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते. आण्णा दाराशी येऊन उभे राहिले.

"सगळं इषय सुटलं?"

"सगळे!"

"एखादा बी राह्यला न्हाई?"

"नाही, आण्णा."

"बरं झालं, बरं झालं." ते जायला वळले आणि जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसले. "तेवढं ट्रान्सफॉर्मरचं मला न्हाई कळलं बघ. गाडीला येळ आसंल तर सांगतीस?"

मी बॅग ठेवली, त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.