पुंडलिकमामांची दाढ आणि सरकारी अनुदान

माझ्या लग्नात तिसरं मंगलाष्टक चालू असताना पुंडलिकमामांनी हातातल्या पिवळ्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्याच नाहीत. त्यातला ज्वारीचा एक दाणा त्यांनी तोंडात टाकला, डाव्या दाढेखाली धरला, कट् करून फोडला आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "ओला हाय. दोन महिनेबी टिकायचा नाई."

सासरे दचकून माझ्याकडे पाहू लागले. मी त्या दिवशी घामाने खरोखरच ओला झालो होतो, त्यामुळे त्यांची चूक मी अजून मनावर घेतलेली नाही.

पुंडलिकमामा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, सख्खे मामा. चिखलीला त्यांची छोटी दालमिल आहे. पोत्यातली तूर हातावर घ्यायची, एक दाणा दाढेखाली फोडायचा आणि ओलावा किती, किडका किती, डाळ किती पडेल हे सांगून मोकळं व्हायचं, हा त्यांचा पन्नास वर्षांचा धंदा. "हे तुम्हाला कसं कळलं?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "दाण्यानं सांगतलं." आणि दाणे त्यांना कुठेही काहीही सांगायचे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पुढे आली की आधी एक दाणा दाढेखाली जाणार. डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळीसुद्धा त्यांनी एकदा फोडून पाहिली आणि "दुकानाले ओल हाय" म्हणून दुकानदाराला परत केली. दुकानदाराच्या भिंतीला खरंच ओल होती.

मामी गेल्या, दोन मुली लग्न होऊन नागपूरला आणि हैदराबादला. मामा सकाळी सातला मिलमध्ये जातात आणि दिवेलागणीला घरी येतात. पण इतक्यात आजूबाजूला मोठमोठ्या मिला झाल्या, त्यांच्याकडे परदेशी यंत्रं आली, आणि मामांच्या मिलच्या पट्ट्याला रोज नवी गाठ मारायची वेळ आली. एकदा मला म्हणाले, "जवाईबापू, पैशाचं काही नाई. पन हे बंद पडलं तं मी सकाऊन उठून जाऊ कुठं?"

हे ऐकून मी माझी एकमेव कला बाहेर काढली. मी बुलढाण्याला एका कार्यालयात मुख्य लिपिक आहे आणि मला अर्ज लिहिता येतात. आयुष्यात दुसरं काही नीट जमलं नाही. स्वयंपाकात माझी मजल कांदा चिरण्यापर्यंत, तोही सुनंदा पुन्हा चिरते. पण 'महोदय' लिहून पेन टेकवलं की माझ्यात काहीतरी संचारतं. उद्योगांनी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी म्हणून सरकारची एक अनुदान योजना निघाली होती. अट अशी की कारखान्याने एकट्याने अर्ज करायचा नाही. कारखाना, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि संगणकाची कंपनी, अशा तिघांनी मिळून करायचा. मी मामांना समजावलं, की यंत्राला तुमच्याकडून तूर पारखायला शिकवायची, मग ते यंत्र तुमच्या वजनकाट्यापाशी बसेल.

मामांनी फक्त तिघांचा मुद्दा उचलला. "म्हंजे सोयरिक हाय थे. मंग कागदावर कायले? घर पाहून याव लागन."

आणि आम्ही खरंच पुण्याला घर पाहायला गेलो. कंपनी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिशीतला संचालक पुढे आला. मामांनी त्याला यंत्राबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"घरी कोन कोन असते?"

"आई-वडील नाशिकला असतात, काका."

"अन् तुमी इथं?"

"हो."

"जेवाचं कसं करता?"

"डबा येतो."

बाहेर पडल्यावर मामा जिन्यातच थांबले. "पोरगं हुशार हाय, पन मायबाप संगं नाई. इचार करा लागन." नागपूर आणि हैदराबाद ही नावं माझ्या जिभेवर आली होती. जावयाने काही नावं गिळायची असतात.

सोयरिक जुळली. करारावर सह्या व्हायच्या दिवशी मामांनी शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत घातली. पुण्याचे दोघे मांडी घालून बसायच्या प्रयत्नात तासभर हलत होते. त्यांनी सही संगणकावरच होते असं सांगितल्यावर मामांनी संगणकाला कुंकवाचा टिळा लावला, वर नारळ ठेवायला निघाले, तेव्हा संचालक पोरगं ओरडलं, "काका, नारळ नको, स्क्रीन फुटेल!"

माझ्या अर्जात मात्र एक घोळ झाला. लिहिण्याच्या भरात मी "श्री. पुंडलिक यांची दाढ संपूर्ण तालुक्यात अचूक मानली जाते" असं वाक्य टाकलं होतं. पंधरा दिवसांनी त्रुटी निघाली: 'दाढेच्या अचूकतेबाबत पुरावा जोडावा.' मी घाबरून मामांना दंतवैद्याकडे नेलं आणि "वरची डावी दाढ सुस्थितीत" असं प्रमाणपत्र जोडलं. ते मंजूर झालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आधी चाचणीपुरती रक्कम मिळणार होती. एक हंगाम यंत्राने मामांकडून शिकायचं, मग समिती येऊन बघणार. यंत्र आणि मामा दहात नऊ वेळा जुळले, तरच पुढचं मोठं अनुदान. तेव्हा सगळा खेळ मामांच्या दाढेवर होता.

महाविद्यालयातून गौरी मॅडम यायच्या. सडपातळ, तिशीच्या आत, बोलायला मोजक्या. त्यांनी आधी प्रयोगशाळेत तुरीच्या शंभर वाट्या मांडल्या, वाटीवर नुसता आकडा. मामांच्या गालाला दाणा फुटायचा आवाज टिपणारा बारका माइक चिकटपट्टीने लावला. मामा दाढ काढून आल्यासारखे दिसत होते. एक दाणा फोडायचे, म्हणायचे "ए", "बी", "शी", मध्ये ताकाने चूळ भरायचे. कॅमेरा तुरीचा फोटो घ्यायचा. भट्टीत वाळवून ओलावा मोजला, तेव्हा शंभरच्या शंभर बरोबर निघाले. गौरी मॅडमनी उठून त्यांना नमस्कार केला.

पण मामा प्रयोगशाळेत रमेनात. "इथं दाना मुका हाय. काट्यावर चला." म्हणून उरलेल्या हंगामात सगळं मिलच्या काट्यावर झालं. समोर शेतकरी, पोतं, मामांची दाढ, आणि बाजूला मॅडम मामांनी दिलेली प्रत, जिच्यावर भाव ठरायचा, टिपून घ्यायच्या.

हंगाम संपत आला तसा मॅडमचा चेहरा उतरत गेला. एका शनिवारी त्यांनी मला महाविद्यालयात बोलावून घेतलं. "यंत्र शिकतच नाहीये. वाट्यांवर जुळतं, काट्यावर जुळत नाही. मी आधी यंत्रात दोष शोधला. मग चुका कुठे होतात ते काढलं." त्यांनी कागद पुढे केला. "सगळ्या चुका सातच माणसांच्या पोत्यांवर आहेत. तूर 'सी', मामा म्हणतात 'बी'. दर वेळी एक पायरी वर. खाली कधीच नाही."

यादीत पहिलं नाव सुलतानपूरच्या यशोदाबाईंचं होतं. एकटी बाई, अधू दिराला सांभाळून शेत करते. दुसरं धामणगाव बढ्याच्या एका म्हाताऱ्याचं, ज्याचं पोरगं मुंबईला गेलं ते परत आलं नाही. बाकीची नावं मला माहीत नव्हती.

मी मिलवर जाऊन काट्यावरच्या शेखचाचांना यादी दाखवली. शेखचाचा तिथे मामांइतकेच जुने.

"चाचा, हे काय आहे?"

चाचांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "जवाईसाब, आप आज पढे? हमको तो जमाने से मालूम है."

"मग बोलला का नाहीत?"

"किसको बोलता? उसको, जो दे रहा है? या उसको, जो ले रहा है और जानता नहीं?"

मी संध्याकाळी मामांकडे विषय काढला. मामा माझ्या हातातला कागद पाहून म्हणाले, "त्या पोरीनं काढलं का हे? यंत्रानं?"

"यंत्रानंच म्हणा."

"लय बारीक पाह्यते." मी म्हटलं, समितीला खरं सांगून टाकू, उलट कौतुकच होईल. ते उठून देव्हाऱ्यात दिवा लावायला गेले.

समिती आली त्या दिवशी मिलच्या आवारात मांडव होता. तीन अधिकारी, पुण्याचे दोघे, आणि तालुक्यातले आठ-दहा मिलवाले, कारण यंत्र जमलं तर पुढे त्यांनाही मिळायचं होतं. गौरी मॅडमनी पडद्यावर आकडे दाखवले. दहात नऊ काही येत नव्हते.

मोठे साहेब म्हणाले, "प्रयोगशाळेत पूर्ण जुळतं आणि काट्यावर का नाही? काही नोंदींमध्ये तज्ज्ञांचा कल एकाच बाजूला दिसतोय. कारण काय?"

मॅडमनी मामांकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. माझ्या खिशात सात नावांचा कागद होता. मी तो बाहेर काढायला हात घातला, तेवढ्यात मामा उठले.

"साहेब, यंत्राचं बरोबर हाय. माहं चुकलं."

"म्हणजे?"

"दाढ गेली माही. हालते. सकाऊन सकाऊन बरी चालते, म्हून त्या वाट्यायचं जमलं. दुपारच्यानं काही समजत नाई." त्यांनी गालावर हात ठेवला. "म्हातारं झालो, साहेब. सांगाले लाज वाटत होती."

मागून एक मिलवाला हसला. "अरे बाप्पा! पुंडलिकभाऊची दाढ गेली? मंग आता आमीबी राजे झालो न बे!" दुसरा म्हणाला, "पाच वर्स झाले आपन याचा शब्द धरून भाव काढू राह्यलो, हा तं अंदाजे ठोकत होता!" मांडवभर हशा झाला. मामाही हसले. मी त्यांना इतकं वाईट हसताना कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी आपसात चर्चा केली. न जुळलेल्या त्या नोंदी दुपारच्या धरून वगळाव्यात असं ठरलं. उरलेल्यांवर आकडा पुरेपूर आला. अनुदान मंजूर झालं. मिल वाचली.

गाड्या गेल्यावर गौरी मॅडम मामांजवळ आल्या. डोळे पाणावले होते. "मामा, त्यातल्या कितीतरी नोंदी सकाळच्या होत्या. मला माहीत आहे. खरं का नाही सांगितलंत?"

"सांगून काय होईन, पोरी?" मामा मांडवातल्या खुर्च्या एकीत एक घालत म्हणाले. "उद्या त्या यशोदाबाईले बजारात कोनी इचारलं असतं, तुह्या तुरीले थो मिलवाला काऊन जास्त देते? ते बाई तूर इकाले येते माह्यापाशी. तिनं मले काही मांगलं नाई."

"पण लोक हसले तुम्हाला."

"मले हसले न?" ते म्हणाले, आणि पुढची खुर्ची उचलली.

आता काट्यापाशी यंत्र आहे. पोतं आलं की ते फोटो घेतं, दाणा फोडतं, आवाज ऐकतं, चिठ्ठी काढतं. 'सी' म्हणजे 'सी'. लांबचे मिलवाले बघायला येतात. मामांपुढे मात्र कोणी ओंजळ धरत नाही. ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात, आलेल्याला पाणी विचारतात, कुठून आलात ते विचारतात. मी सुनंदाला म्हटलं, मामा आता सुटले, आराम करतायत. माझे अंदाज हे असे असतात.

या शिमग्याला आम्ही दोघं चिखलीला गेलो. मामांनी आत बसवलं. सुनंदा आपल्या मामीच्या खोलीत बसायला चादर आणायला गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली.

मामीचा पलंग दिसतच नव्हता. खोलीभर पोती रचलेली होती, खिडकीच्या वरपर्यंत. तूर. प्रत्येक पोत्याला यंत्राची चिठ्ठी टाचलेली होती, सगळीकडे 'सी', आणि खाली मामांच्या अक्षरात पेन्सिलने गावाचं नाव आणि 'बी'चा भाव. सुलतानपूर. धामणगाव बढे. पुन्हा सुलतानपूर.

मामा दारात येऊन उभे राहिले.

"मामा, हे काय?" सुनंदा म्हणाली.

"मिलमंधी घेता येत नाई न आता. यंत्र बसलं थे." मामांनी एका पोत्यावरची धूळ तळहाताने झटकली. "घरच्यासाठी घेतली. घरी खायले."

सुनंदाने पोती मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "मामा, घरी खाणारं आहे कोण?"

खोलीतून बाहेर जाताना मामांनी चुलीकडे पाहिलं, मग आमच्या चपलांकडे, ज्या आम्ही लगेच निघायचं म्हणून उंबऱ्याजवळच काढल्या होत्या.

"आज थांबा न," ते म्हणाले. "वरनच केलं हाय."