बाळारामदादांचं रोजचं पडणं

आमच्या शेजारचे बाळारामदादा रोज सकाळी सात वाजता पडतात. चुकून नव्हे, ठरवून. बाहेरच्या खोलीत गाद्या अंथरायच्या, मधोमध व्यायामाचा भलामोठा निळा बॉल ठेवायचा, डावा हात टॉवेलनं पोटाशी घट्ट बांधायचा, बॉलवर बसायचं आणि धप्प! मोहोपाड्यातली आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे प्रत्येक पडणं मला चहा पिताना ऐकू येतं.

दादा रसायनीच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. नवा पंप बसवला की आधी त्यातून नुसतं पाणी फिरवायचं, ही तिथली रीत. दादा निवृत्त झाले, रीत झाली नाही. "आदी पान्यावर चालवायचं, मंग माल सोडायचा," हे त्यांचं पालुपद. नवा कुकर आणला तेव्हा तीन दिवस घरात नुसतं पाणी शिजलं. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी आम्हा वीस जणांना पंगतीत बसवून रिकाम्या पत्रावळ्यांवर वाढप्यांना मोकळ्या हातांनी फिरवलं. मी मात्र घरी 'आज जेवायला नाही' असं सांगून गेलो होतो.

पण हे पडणं काही माझ्या डोक्यात शिरेना. वहिनींना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या कर्जतला लेकीकडे होत्या. बसताना तोल सावरावा म्हणून त्यांना रोज बॉलवर बसवायचं होतं. दादांना त्या घरी हव्या होत्या, पण लेकीनं साफ सांगितलं होतं, "बाबा, तुमच्यानं नाय व्हायचं. आई पडली तर?" दुसऱ्याच दिवशी दादांनी बॉल आणला आणि स्वतःच पडायला लागले.

एकदा न राहवून मी गेलोच. "अहो दादा, वहिनींना बसायला शिकायचंय. तुम्ही पडायला काय शिकताय?"

"थांब रं, मदी बोलू नको," म्हणत ते पडले. मग डोकं टेकलं तिथं गादीवर खडूनं फुली मारली. "परत तितंच!" चेहरा पेपर सोपा गेल्यासारखा. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, एकटेपणानं माणूस बिघडला.

रविवारी लेक वहिनींना घेऊन आली. दोन तास बसून परत न्यायचं, या बोलीवर. गाडी दारातच उभी होती. वहिनी कशाबशा बॉलवर बसल्या. डावा हात पोटाशी निपचित. दादा समोर थांबलेच नाहीत. डाव्या अंगाला, थोडं मागे, गुडघे टेकून बसले.

"बाबा, पुढून धरा तिला!" लेक ओरडली, आणि वहिनी कलंडल्या त्या थेट दादांच्या छातीवर.

"बगितलंस? हितंच येते ती," दादा म्हणाले. माझी मलाच लाज वाटली.

वहिनींनी चालत्या हातानं त्यांची बाही वर सारली. कोपर काळंनिळं पडलं होतं. "लई... लागलं?" त्यांनी अडखळत विचारलं. दादांनी बाही परत खाली ओढली.

लेक गादीवरच्या खडूच्या फुल्या बघत होती. मग बाहेर जाऊन तिनं गाडीवाल्याला सांगितलं, "तुमी जावा भाऊ. आई हितंच राहतेय."